आई-बाबा, मंगळवारची वेळ घेतली आहे

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

पुढच्या मंगळवारी सकाळी सावंगीच्या दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दोघांचीही. तुम्हाला विचारायला गेले असते तर आधी कापूस वेचून होऊ दे, मग तूर निघू दे, मग लग्नसराई आटोपू दे, असं होत उन्हाळा लागला असता. दादाने गाडी सांगून ठेवली आहे, मी सोमवारी रात्री पोचते. ठरलं आहे, आता मोडू नका.

फोनवर बोलले नाही, कारण आई फोन स्पीकरवर ठेवते आणि ओसरीवर कोण ना कोण बसलेलं असतं. हे पत्र दोघांनी आत बसून वाचा.

आई, तुझ्या उजव्या कमरेवरची जखम मी राखीला पाहिली. दिवाळीतही ती तिथेच होती. परकराच्या नाडीखालची कातडी काळी पडून जाड झालेली, मधोमध रुपयाएवढं ओलं, एका बाजूची कड जराशी उचललेली. तू त्यावर हळद दाबलीस आणि वरून नाडी पुन्हा तेवढीच आवळलीस. म्हणालीस, नाडीचा घट्टा आहे, सगळ्याच बायकांना असतो. घट्टा असतो, खरं आहे. पण राखीपासून दिवाळीपर्यंत न भरणारी जखम सगळ्यांना नसते.

मी उगीच घाबरले नाही. वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी 2024 मध्ये दोन बायकांची हकिकत एका वैद्यकीय मासिकात छापली. एक 70 वर्षांची, परकर घट्ट बांधणारी. कमरेच्या उजव्या बाजूची जखम 18 महिने भरत नव्हती. दुसरी सत्तरीला टेकलेली, 40 वर्षं लुगडं नेसलेली, आजीसारखी, आत परकर न घालता कमरेला आवळून. दोघींच्या जखमेतून कातडीचा कॅन्सर निघाला आणि दुसरीचा जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता. वर्षानुवर्षं एकाच जागी नाडी घासते, दाबते, त्यात घाम आणि उष्णता. कातडी पातळ होते, फाटते, जरा भरते, पुन्हा फाटते. हे असं फार वर्षं चाललं की एखादीच्या बाबतीत ती जागा बिघडते. एखादीच्याच, आई. तुझं तसंच असेल असं मी म्हणत नाही, माझ्या मनाला तर ती साधी जखमच वाटते. पण नुसतं वाटून मला झोप लागत नाही.

बाबा, आता तुमचा पाय. जिनिंगच्या आगीतला पोटरीवरचा डाग. लहानपणी त्या गुळगुळीत कातडीवर बोट फिरवत मी झोपायची, तुम्ही दिवसभराचे थकलेले असूनही पाय हलवायचे नाहीत. म्हणून त्या डागाची कड न कड मला पाठ आहे, आणि दिवाळीत घोट्याच्या बाजूला जे फुटलेलं दिसलं ते आधी नव्हतं. तुम्ही म्हणालात, धुऱ्यावरचा काटा लागला. असेल. पण भाजल्याच्या जुन्या व्रणात वीस-तीस वर्षांनीसुद्धा असा कॅन्सर उठू शकतो. त्याला मार्जोलिनचा व्रण म्हणतात, आणि त्या दोन बायकांचं निदानही तेच होतं. म्हणून जुन्या डागात न भरणारं, कड वर आलेलं, रक्त येणारं किंवा वास मारणारं काही दिसलं तर मेडिकलवाल्याकडून ट्यूब आणून लावत बसायचं नाही. त्या ट्यूबने वरवर बरं दिसतं आणि दिवस मात्र जातात.

कातडीचा कॅन्सर गोऱ्या लोकांना होतो हे तुमचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. आपल्याकडे तो खूप कमी, सरसकट सगळ्यांनी कातडी तपासून घ्यावी असं मीही म्हणणार नाही. आशाताई तोंडाचं, स्तनाचं, गर्भाशयाच्या मुखाचं विचारून जातात, त्यात कातडी नाही. म्हणूनच ज्याच्या अंगावर जुना भाजलेला डाग आहे, वर्षांची रगड आहे, न भरणारी जखम आहे, त्याने आपण होऊन दाखवायला हवं. आपल्या घरात अशी दोन माणसं आहेत.

आई, तुला लाज वाटणार हे मला ठाऊक आहे. बाईच डॉक्टर मागून घेतली आहे. पडदा असतो, साडी सोडायची नाही, नाडी सैल करून तेवढी बाजू दाखवायची. मी शेजारी उभी राहीन. त्यांना शंका आली तर जागा बधिर करून छोटासा तुकडा काढतात, त्याला बायॉप्सी म्हणतात. सुई टोचते तेवढंच दुखतं. भरती व्हायचं नाही, संध्याकाळी आपण घरी. आणि समजा काही निघालंच, तर एवढ्यावर असताना ते कापून काढता येतं. उशीर झाला की गाठींपर्यंत जातं, म्हणून माझी घाई.

उपाशी यायचं नाही, दोघांनी न्याहारी करून निघायचं. वहिनी डबा देणार आहे, बाबांसाठी बिनसाखरेच्या चहाचा थर्मास वेगळा. गाईची धार काकू काढतील, मी बोलले आहे. बाबा, बीपीच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या आणि डॉक्टरांना आधी दाखवा. मनाने एकही बंद करायची नाही. रेशन कार्ड आणि दोघांची आधार कार्डं घ्या. पुढे ऑपरेशन लागलंच तर फुले योजनेत बसतं, पैशाचा विषय काढायचा नाही.

पार्सलमध्ये रुंद पट्टीचे दोन परकर आहेत. आई, आजपासून तेच, आणि सैल. जुने नाडीवाले बोहारणीला दे, पेटीत ठेवू नकोस. घरात गाऊन घालत जा, कोण काय म्हणेल ते मला सांग. साडी नेसायची तेव्हा गाठ रोज जरा वरखाली किंवा दुसऱ्या बाजूला. त्या जागेवर हळद नको, साध्या पाण्याने धुऊन कोरडी ठेव.

आणि मंगळवारपर्यंत एकदा उजेडात एकमेकांचे तळपाय, तळहात, नखं बघून घ्या. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत काळ्या डागाचा कॅन्सर झालाच तर बऱ्याचदा तिथेच होतो, ऊन लागत नाही तिथे. नवा काळा ठिपका, पसरणारा डाग, नखात उभी काळी रेघ, काहीही दिसलं तर कागदावर लिहून ठेवा. बाबा, चष्मा लावून बघा. आईला दिसत नाही आणि ती काही नाही म्हणून मोकळी होते.

मंगळवारी आठला गाडी दारात येईल. तयार राहा.

तुमची लेक