अंबडच्या प्लेटिंगवाल्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

पीएचडीच्या प्रबंधात आभाराच्या पानावर तुमच्याबद्दल एक ओळ आहे. ती इंग्रजीत आहे आणि ते पान तुमच्या हातात कधी पडेल असं वाटत नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितेय. नाव घालत नाही. "माझं नाव छापू नकोस, उद्या कॉलेजची पोरं दारात रांग लावतील," असं तुम्हीच बजावलं होतंत. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत निकेल-क्रोमच्या प्लेटिंगचं, म्हणजे विजेने मुलामा चढवण्याचं, जॉबवर्क करणारे बरेच आहेत, तेव्हा काळजी नसावी.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. पाण्यात वीज सोडली की एका पट्टीवर हायड्रोजन आणि दुसरीवर ऑक्सिजन सुटतो, एवढं शाळेत शिकवतात. विजेचं बिल कुणी शिकवत नाही. एक किलो हायड्रोजनला शास्त्राप्रमाणे साधारण ३९ युनिटं पुरावीत, प्रत्यक्षात ५० च्या वर जातात. मधली वीज उष्णता होऊन वाया जाते आणि त्यात मोठा वाटा ऑक्सिजनच्या पट्टीचा असतो. तिथे ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला चार इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने निघावे लागतात, आणि ती क्रिया रेंगाळते. तिला वेग देणारा उत्प्रेरक शोधायचा, तो पट्टीवर बसवायचा आणि टिकवायचा, हा माझा विषय. आम्लावर चालणाऱ्या यंत्रांना यासाठी इरिडियम लागतं, आणि ते अख्ख्या जगात वर्षाला सात-आठ टनच निघतं. कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणात मात्र निकेलवर भागतं. सरकारने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजनचं १९,७४४ कोटींचं अभियान मंजूर केलं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य ठेवलं. एवढा हायड्रोजन इरिडियमच्या भरवशावर निघेल असं मला वाटत नाही. निकेलला पर्याय नाही.

माझी अडचण अगदीच खालच्या पायरीवरची होती. स्टेनलेसच्या जाळीवर चढवलेला निकेलचा थर ८० अंशांच्या पोटॅशमध्ये धरतच नव्हता. बुडबुडे सुटायला लागले की थरही सुटायचा. शोधनिबंधांत द्रावणाची कृती असते, वीज किती द्यायची ते असतं. थर धरावा म्हणून आधी काय करायचं ते एका वाक्यात उरकलेलं असतं. सुट्टीला सिडकोत घरी आले असताना आमच्या शेजाऱ्यांनी तुमचा पत्ता दिला.

तुम्ही पट्टी नळाखाली धरलीत आणि तिरपी करून पाहिलीत. पाणी सलग न राहता मध्येच फुटलं. "हिला अजून तेल आहे. आधी हे काढ, मग शास्त्र." पुढचे काही शनिवार, एमआयडीसीची सुट्टी असताना, तुम्ही माझ्यासाठी शटर उघडलंत. डिग्रीसिंग म्हणजे तेल काढणं, पिकलिंग म्हणजे आम्लात बुडवून साफ करणं, मग निकेल क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणात, म्हणजे वुड्स बाथमध्ये, स्ट्राइक, म्हणजे पहिला पातळ थर. स्टेनलेसवर ऑक्साइडची न दिसणारी कातडी असते, ती तिथे निघते आणि त्याच क्षणी निकेलचा पातळ थर चढतो. मग त्यावर हवा तेवढा जाड थर द्या, तो धरतो. ही गोष्ट १९३८ पासून धंद्याला माहीत आहे. आमच्या प्रयोगशाळेत ती तुमच्याकडून आली.

हल सेलचा, म्हणजे प्लेटिंगचं द्रावण तपासायच्या डबीचा, दिवस मला विसरता येत नाही. २६७ मिलिलिटरची ती तिरकस डबी, आत पितळी पत्रा. एका टोकाला करंट भरपूर, दुसऱ्या टोकाला नावापुरता, त्यामुळे बाथची सगळी कुंडली एकाच पत्र्यावर वाचता येते. तुमचं लक्ष मधल्या चकचकीत पट्ट्यावर. कडेचा भाग करडा, खरबरीत, जळालेला. तुम्ही तोंड वाकडं केलंत आणि मी तोच तुकडा कापून मागितला! जास्त करंटवर निकेलबरोबर हायड्रोजनचे बुडबुडेही निघतात, धातू त्यांच्या भोवतीने वाढतो आणि सच्छिद्र होतो. क्रियेला पृष्ठभाग जास्त मिळतो. तुमची हयात हायड्रोजनशी भांडण्यात गेलेली. बुडबुडे चिकटून थरात खड्डे (पिटिंग) पडू नयेत म्हणून ते सुटवणारं वेटिंग एजंट, कडक स्टीलचे स्प्रिंग तडकू नयेत म्हणून प्लेटिंगनंतर भट्टीत तापवणं. आणि ही पोरगी म्हणते, मला तोच पाहिजे.

लोखंडाचंही तसंच. बाथमध्ये लोखंड आलं की तुम्ही पेरॉक्साइड घालून, गाळून ते बाहेर काढता. पोटॅशमधल्या लोखंडाच्या अंशामुळे निकेलवर ऑक्सिजन सहज सुटतो, हे कॉरिगन या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवलं. मी ते सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "मग माझी जुनी टाकी घेऊन जा."

पण खरे आभार एका प्रश्नाचे. थर धरायला लागला होता. सलग करंटवर तो किती दिवस टिकतो त्याचा आलेख मी तुम्हाला मोबाइलवर दाखवत होते. तुम्ही चष्मा वर सरकवून विचारलंत, "सलग करंट देणार कोण तुला? सोलरवर चालवणार म्हणतेस ना? ढग आला, संध्याकाळ झाली, लाईट गेली, मग तुझ्या पट्टीचं काय?"

तुम्हाला ते सुचणारच. निकेलच्या टाकीत माल असताना लाईट गेली की निकेलचा पृष्ठभाग लगेच निष्क्रिय होतो आणि लाईट आल्यावर तसंच पुढे चालू केलं तर वरचा थर सुटतो, हे तुम्ही रिजेक्शनच्या ढिगात पाहिलेलं. आमच्या यंत्रात कारण वेगळं. वीज बंद झाली की आत उरलेल्या वायूंमुळे यंत्र बॅटरीसारखं वागतं, करंट उलटा वाहतो आणि हायड्रोजनच्या पट्टीवरचा थर ऑक्सिडाइझ होतो. सौर विजेवर हे रोज घडणार. मी परत गेल्यावर चाचणीच बदलली: चालू, बंद, पुन्हा चालू. सलग करंटवर पहिला आलेला थर त्यात मागे पडला आणि मी जवळजवळ सोडून दिलेला एक थर तगला. प्रबंधाची शेवटची दोन प्रकरणं त्यावर आहेत. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सर्वात जास्त वेळ त्यावरच घालवला.

आणखी एक सांगायचं राहिलं. प्लेटिंग म्हटलं की लोक नाक मुरडतात, आणि काही ठिकाणी त्यांचं चुकत नाही. तुम्ही मला टाक्या दाखवण्याआधी मागच्या बाजूची ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा, दाखवलीत, तो हिरवा निकेल हायड्रॉक्साइडचा गाळ, त्याची नोंदवही. माझ्या प्रयोगांचं निकेल असलेलं पाणीही कॅनमध्ये भरून तिथेच ओतायला लावलंत. "गोदावरी काही माझ्या बापाची नाही," एवढंच म्हणालात. आता आमच्या प्रयोगशाळेतही सिंकमध्ये काही जात नाही.

तुमच्याकडच्या पोरांना माझा नमस्कार सांगा; जिगला, म्हणजे माल टाकीत टांगायच्या सांगाड्याला, जाळी कशी बांधायची ते त्यांनीच शिकवलं. मोठ्या आकाराच्या नव्या जाळ्या घेऊन मी दिवाळीनंतर येतेय. त्या वेळी बिल घ्यायचं. नाही म्हणू नका, प्रकल्पाच्या पैशांना पावती लागते.

तुमची,
सिडकोतली निकेलवाली