आयटीआयची कार्यशाळा संध्याकाळी उघडी ठेवा : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात कम्युनिटी कॉलेजच्या वर्गाला मी कॉम्प्युटर नेटवर्किंग शिकवतो. नेमणूक तासिका तत्त्वावर. स्वतःच्या मानधनाचं रडगाणं शेवटी थोडक्यात गाईन, आधी कामाचं बोलतो.

आमच्या वर्गात बारावीनंतर शिक्षण सुटलेली पोरं आहेत, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसणारे आहेत, दोन लेकरांची आईही आहे. यातल्या कुणालाच पुण्याला जाऊन चार वर्षं इंजिनिअरिंग करणं परवडणारं नाही. पण सहा महिन्यांत प्रमाणपत्र, वर्षात पदविका, दोन वर्षांत प्रगत पदविका आणि तिसऱ्या वर्षी बी.व्होक. म्हणजे व्यावसायिक शिक्षणाची पदवी अशी पायरीपायरीची सोय असेल, तर ती माणसं येतात. अडचण आली तर मधल्या पायरीवर थांबतात, हाताशी प्रमाणपत्र असतं, चार पैसे मिळवून पुन्हा येतात. विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसीनं) 2013-14 पासून कम्युनिटी कॉलेजची योजना आणली ती याचसाठी. कल्पना मूळची अमेरिकेतली, 1901 साली जॉलिएटला सुरू झालेली. आपल्याकडे तर त्याहून जवळचं उदाहरण आहे. डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला आणि शाळेत न रमलेल्या मुलांना काम करता करता तंत्रज्ञान शिकवलं. एमआयटीच्या मदतीनं 2002 मध्ये तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीनं वस्तू घडवायची छोटी कार्यशाळा, उभी राहिली, तेव्हा मुंबई-पुण्यातल्या कितीतरी कॉलेजांनी तो शब्दही ऐकला नसेल.

आता आमच्या वर्गातलं सांगतो. ऑप्टिकल फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन आमच्याकडे नाही. गावातला केबलवाला भला माणूस आहे, तो त्याचं मशीन संध्याकाळी देतो. त्यालाच तक्रार आली की तास अर्ध्यावर सोडून मशीन परत. परवा त्या दोन लेकरांच्या आईनं पहिला सांधा मारला. वरचं आवरण सोललं, केसाएवढी बारीक काच अल्कोहोलनं पुसली, क्लीव्हरनं सरळ कापली, दोन्ही टोकं मशीनमध्ये ठेवली. पडद्यावर आकडा आला 0.02 डीबी, म्हणजे सांध्यात प्रकाश जवळजवळ वाया जात नाही. कंपनीच्या माणसाचा चांगला सांधाही असाच असतो. ती काही बोलली नाही, दुसरी जोडी सोलायला घेतली.

ग्रामपंचायतींपर्यंत भारतनेट आणि महानेट या योजनांची इंटरनेटची फायबर केबल नेण्यावर सरकारचा एवढा खर्च झाला आहे. आमच्या भागात रस्त्याच्या कामात जेसीबीनं ती तोडली, की जोडणारा जिल्ह्याच्या गावाहून यायची वाट बघायची. तोवर पंचायतीतले ऑनलाइन दाखले खोळंबलेले. जोडू शकणारी बाई त्याच गावात राहते. पण देखभालीच्या कंत्राटात स्थानिक प्रमाणित तंत्रज्ञ घेण्याची अटच नसेल, तर कंत्राटदार तिला कशाला विचारील?

महोदय, नवी इमारत, नवं पोर्टल किंवा नवी योजना मी मागत नाही. योजनांची नावं पाठ करता करता आमची हयात चालली आहे. राज्यात 358 तालुके आणि चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत. आमच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची कार्यशाळा आहे, टेबलं आहेत, अखंड वीज आहे. संध्याकाळी मात्र कुलूप. आमचे बहुतेक विद्यार्थी दिवसा कामाला जातात, त्यांना वेळ मिळतो तो नेमका तेव्हाच. कार्यशाळा वापरू द्या म्हणून विचारायला गेलो, तर उत्तर मिळालं की कम्युनिटी कॉलेज उच्च शिक्षणाचं आणि आयटीआय कौशल्य विकासाचं, दोन वेगळी खाती, तसं पत्र वरून आणा. एका गावातल्या दोन इमारतींमध्ये चालत पाच मिनिटांचं अंतर आहे आणि परवानगीचा रस्ता मंत्रालयातून जातो! हे तुमच्या आणि कौशल्य मंत्र्यांच्या एका सहीचं काम आहे. वीजबिल आणि रात्रीच्या शिपायाचं मानधन तेवढं कुणी द्यायचं, हे ठरवावं लागेल.

पैशाची वाटही आहे. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पास उमेदवाराला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन ठरलं. माझ्या ओळखीच्या काही मुलांच्या वाट्याला या योजनेत आवक-जावकचं रजिस्टर आलं. ते लिहायला प्रशिक्षण कशाला लागतं? तीच मुलं आमच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून नेटवर्क देखभालीवर, ग्रामीण रुग्णालयाच्या संगणकांवर, सौर पंपांच्या दुरुस्तीवर पाठवा, आणि त्या कामाचे श्रेयांक (क्रेडिट) त्यांच्या खात्यात जमा करा.

आता ते रडगाणं. तास झाला तर पैसे, सुट्टीत शून्य, आणि जे मिळतात तेही महिनोन्महिने उशिरा. अशा नेमणुकीवर हातात कसब असलेला माणूस टिकत नाही. आमच्याकडे हार्डवेअर शिकवणारा गडी उत्तम होता. खाजगी कंपनीनं दरमहा ठराविक पगार देऊ केला, सत्राच्या मध्यातच गेला. त्याला दोष देववत नाही. मशीन उसनं आणता येतं, मास्तर कुणाकडून आणायचा? निदान कौशल्य विषयांच्या अध्यापकांना बारा महिन्यांचा करार द्या. अनुदानाची मुदत संपली की अभ्यासक्रम विनाअनुदानित होतो, फी वाढते, आणि ज्यांच्यासाठी वर्ग काढला तेच बाहेर पडतात, हेही त्याच फाइलमध्ये बघून घ्यावं.

बारावीचा निकाल लागला की प्रवेश सुरू होतील. त्याआधी एखाद्या जिल्ह्यात, निवड तुमचीच, आयटीआयची एक कार्यशाळा संध्याकाळी सहा ते नऊ आमच्यासारख्या वर्गांना देऊन पाहावी. आमच्या तालुक्यात दिलीत, तर मशीनचं भाडं पहिले सहा महिने गावातले व्यापारी भरायला तयार आहेत. तसं लेखी आणून देतो.

आपला,
तालुक्याच्या गावातला एक तासिका अध्यापक