टाकीतील झाडांविषयी

मालवण

चि. निखिल यास,

अनेक आशीर्वाद.

रत्नागिरीतील खोलीवर तू माशांसाठी दोन फुटी काचेची टाकी आणली आहेस आणि तिच्यात प्लॅस्टिकची नव्हे, खरी झाडे लावणार आहेस, हे वाचून मला फार आनंद झाला. तुझी नोकरी पाळ्यांची असल्याने रोज निगा मागणारी झाडे तू घेऊ नयेस, असे मला मनापासून वाटते. सावकाश वाढणारी झाडे निवड आणि एकदा लावल्यावर त्यांना सारखा हात लावू नकोस. टाकी टिकते ती मुख्यतः यानेच.

पहिले झाड अनुबियासचे घे. ते मूळचे पश्चिम आफ्रिकेतील, ओढ्याकाठच्या सावलीत वाढणारे असल्यामुळे त्याला तीव्र प्रकाश मानवत नाही. उलट अशा प्रकाशात त्याच्या जाड, सावकाश वाढणाऱ्या पानांवर शेवाळ बसते. त्याचे आडवे जाड खोड वाळूत पुरू नकोस, कारण पुरलेले खोड कुजते आणि त्याबरोबर सगळे झाड जाते. सुती दोऱ्याने ते जांभ्याच्या तुकड्यावर बांध. दोरा विरेपर्यंत मुळे त्या सच्छिद्र दगडाला धरतात. जावा फर्नही असाच बांधायचा. त्याच्या पानांखाली काळे ठिपके दिसले तर रोग समजून पाने कापू नकोस, ते बीजाणूंचे पुंजके असतात, आणि जुन्या पानांच्या टोकांवर तर नवी रोपेच फुटतात.

वाळूत लावायचे असेल तर क्रिप्टोकोरिन लाव. त्यातील क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस ही जात आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या वहाळांकाठी आणि भातखाचरांत वाढते. पावसाळ्यात पाण्याखाली आणि पाणी ओसरल्यावर उघड्यावर असे तिचे जगणे असल्यामुळे, परिस्थिती बदलली की जुनी पाने टाकून नवी काढणे हा तिचा स्वभावच आहे. म्हणून टाकीत लावल्यावर काही दिवसांत सगळी पाने विरघळून गेली तरी झाड उपटू नकोस. मुळे जिवंत असली तर काही आठवड्यांत नवी पाने येतात. मात्र रोपे दुकानातूनच घे, वहाळातून उपटून आणू नकोस, कारण आपल्या सिंधुदुर्गात क्रिप्टोकोरिनच्या दुर्मीळ जातीही आहेत.

वाळू दोन-तीन इंच पुरे, पण ती समुद्राची नको. तिच्यातील शिंपल्यांचा चुना पाण्यात उतरून पाणी जड होते. आणलेल्या वाळूवर व्हिनेगरचे काही थेंब टाकून पाहा. फेस आला तर ती वापरू नकोस.

दिवा सहा-सात तासच ठेव आणि टाकी खिडकीच्या उन्हापासून दूर असू दे. वेगळा कार्बन डायऑक्साइड या झाडांना लागत नाही, खतही फारसे नाही, कारण माशांच्या विष्ठेतून तयार होणारे नायट्रोजनयुक्त घटक ती शोषून घेतात. आठवड्याला चौथाई पाणी बदल. नळाचे पाणी क्लोरीनचे असेल तर ते एक दिवस उघडे ठेवून मग टाकीत घाल.

एप्रिल-मे महिन्यांची मला खरी काळजी वाटते. पाणी तीस अंशांच्या वर गेले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत बाष्पीभवन कमी होत असल्याने पंखा लावूनही पाणी फारसे निवत नाही. शिवाय रात्री झाडेही प्राणवायू घेतात. म्हणून मासे थोडेच ठेव आणि हवेचा पंप रात्रभर चालू ठेव.

छाटलेली झाडे वहाळात किंवा तळ्यात कधीही टाकू नकोस. मूळची दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी आपल्याकडची किती तळी व्यापून बसली आहे, हे तू पाहतोसच. छाटण पूर्ण वाळवून कुंडीतील मातीत मिसळ.

माझ्या टाकीतील फर्नला रोपे आली आहेत. ती ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून येत्या शनिवारी एसटीने पाठवतो. तोवर टाकीत पाणी भरून फिल्टर चालू ठेव. मासे मात्र इतक्यात आणू नकोस.

तुझे,
बाबा