जुने ग्राफिक्स कार्ड? आधी ड्रायव्हर पाहा

महोदय,

जुन्या संगणकावर लिनक्स बसवताना डिस्प्ले सर्व्हर, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा, कोणता घ्यावा, जुना एक्स११ की नवा वेलँड, हा वाद हमखास निघतो. 'वेलँड नवे म्हणून जड, एक्स११ जुने म्हणून हलके' हा ठोकताळा मात्र फसवा आहे. कार्डाच्या वयापेक्षा ते कोणत्या ड्रायव्हरवर (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालते याला महत्त्व आहे. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -के' (lspci -k) ही आज्ञा दिली की ग्राफिक्सच्या ओळीखाली ड्रायव्हरचे नाव दिसते.

'रेडिऑन' (radeon) किंवा इंटेलचे 'आय९१५' (i915) दिसले तर सहसा चिंता नाही. रेडिऑन एचडी २००० ते ६००० मालिका आणि इंटेलचे सँडी ब्रिजपासूनचे ग्राफिक्स वेलँडवर नीट चालतात. व्हिडिओ पाहताना चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसते, तो त्रासही तिथे जातो. त्याहून जुन्या, नावात 'एचडी' नसलेल्या रेडिऑन ७००० ते ९२५० या कार्डांचे ड्रायव्हर मेसा या लिनक्सच्या ग्राफिक्स संचाच्या २२.० आवृत्तीतून, म्हणजे २०२२ मध्ये, काढून टाकले गेले. वेलँडच्या डेस्कटॉपना सहसा लागणारी ओपनजीएल ईएस २ ही चित्र रेखाटण्याची पद्धत त्यांना झेपतच नाही, त्यामुळे तिथे एक्स११ आणि एखादा हलका विंडो मॅनेजर (फक्त खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम).

खरी गुंतागुंत एनव्हिडियाची. जीफोर्स ८, ९ आणि २०० मालिकांना ३४० क्रमांकाचा ड्रायव्हर लागतो, ४०० आणि ५०० ला ३९०, तर ६०० आणि ७०० मधल्या बहुतेक कार्डांना ४७०. वेलँडचे डेस्कटॉप कार्डाची स्मृती वापरण्यासाठी ज्या जीबीएम या सोयीवर विसंबतात ती एनव्हिडियाने २०२१ मध्ये ४९५ क्रमांकाच्या ड्रायव्हरपासून दिली, म्हणजे या तिन्हींत ती नाही. कंपनीचाच ड्रायव्हर हवा असेल तर एक्स११ घ्या आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) दीर्घ मुदतीच्या आधाराचा ठेवा. ३४० आणि ३९० नव्या कर्नलवर पॅचशिवाय, म्हणजे कोडमध्ये दुरुस्ती केल्याशिवाय, बांधले जात नाहीत, आणि अपडेटनंतर पडदा काळा होतो तो बहुधा यामुळेच.

एनव्हिडिया कार्डांसाठीच्या मुक्त स्रोताच्या 'नूव्हो' ड्रायव्हरवर वेलँड चालते, पण कार्ड सुरुवातीच्या मंद गतीवरच अडकून राहते. ६०० आणि ७०० मधल्या केप्लर पिढीच्या कार्डांवर रूट (प्रशासक) होऊन डीबगएफएस या कर्नलच्या चाचणी-फोल्डरमधल्या 'पीस्टेट' (pstate) फाइलमध्ये गतीच्या वरच्या पायरीचा क्रमांक लिहिला की गती वाढते. एकेक पायरीच चढावे, कारण कार्ड गोठूही शकते. रीबूटनंतर हे पुन्हा करावे लागते. ९०० मालिकेवर ही सोय नाही, कारण त्यासाठी एनव्हिडियाची डिजिटल स्वाक्षरी असलेले फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) लागते.

एक चूक वारंवार होते. इन्स्टॉल करताना काळा पडदा टाळण्यासाठी ग्रब या लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये 'नोमोडसेट' (nomodeset) हा शब्द घातला जातो आणि तिथेच विसरला जातो. त्याने कार्डाचा ड्रायव्हर बंद राहतो, मग ग्राफिक्सचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंघावतो आणि दोष वेलँडला दिला जातो. 'जीएलएक्सइन्फो -बी' (glxinfo -B) या आज्ञेच्या उत्तरात रेंडररपुढे 'एलएलव्हीएमपाइप' (llvmpipe), म्हणजे प्रोसेसरवर चित्र काढणारा प्रोग्राम, दिसला तर आधी तो शब्द काढून ग्रब अपडेट करावे.

एक्स११ वरच राहणाऱ्यांनी डेस्कटॉपही जपून निवडावा. ग्नोम या डेस्कटॉपच्या ४९ व्या आवृत्तीने सप्टेंबर २०२५ मध्ये एक्स११ सत्र मुळातच बंद ठेवले, त्यामुळे एक्सएफसीई, माटे किंवा सिनॅमन हे डेस्कटॉप बरे. एका खिडकीत दाबलेल्या कळा दुसऱ्या प्रोग्रामला वाचता येणे हा एक्स११ चा जुना दोष मात्र तिथेही राहतोच. अनोळखी सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांनी तो हिशेबात धरावा.

लाइव्ह यूएसबीवर (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून) चाचणी घेताना एनव्हिडियाचे कार्ड बहुधा नूव्होवरच चालते, तेव्हा त्यावरून कंपनीच्या ड्रायव्हरचा अंदाज बांधू नये.

— एक वाचक