छोटीकडे राहायला येण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, परवा फोनवर तुम्ही दोघेही इतके गहिवरला होतात की मला जे सांगायचे होते ते राहूनच गेले. दादाच्या छोटीच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांचा आज बारावा दिवस आहे. पुढच्या आठवड्यात तुम्ही इकडे राहायला येणार आहात आणि दादा-वहिनींना तुमची खरोखर गरज आहे, म्हणूनच काही गोष्टी आधी सविस्तर लिहिते.

बाबा, ‘ती वाचेल ना?’ हा एकच प्रश्न तुम्ही तीनदा विचारलात. तुमच्या लहानपणी रक्ताचा कर्करोग झालेले मूल काही महिन्यांतच हाताचे जात असे आणि ती भीती तुमच्या मनात अजून घर करून आहे, हे मला समजते. 1948 साली बोस्टनच्या सिडनी फार्बर या डॉक्टरांनी अमिनोप्टेरिन नावाचे औषध 16 मुलांना दिल्याची हकिगत प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतल्या 10 मुलांना उतार पडला होता, पण तो काही काळच टिकला. पुढे अनेक औषधे एकत्र, ठरावीक क्रमाने आणि दीर्घकाळ देण्याची पद्धत बसत गेली. छोटीला झालेला अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताच्या कर्करोगाचा प्रकार लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे, आणि पूर्ण उपचार नीट मिळाले तर आज त्यातून दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. आशा धरायला हे पुष्कळ आहे. तरीही ‘काही होत नाही, सगळे ठीक होईल’ असे दादाला म्हणू नका. पहिल्या दिवशी मी तेच म्हणाले आणि तो काही न बोलता खोलीबाहेर निघून गेला. त्याला तेव्हा त्याची भीती ऐकून घेणारे कोणी तरी हवे होते, आणि मी त्याचे तोंडच बंद केले.

आई, तुझ्या प्रश्नाबद्दल जरा जपून लिहिते. छोटी तीन आठवडे पाय दुखतात म्हणत होती, मग तिच्या आईच्या हे आधी लक्षात कसे आले नाही, असे तू मला विचारलेस. पाय दुखणे, अधूनमधून ताप येणे, चेहरा पांढुरका दिसणे, नडगीवर काळेनिळे डाग पडणे यांतले काहीही चार वर्षांच्या कोणत्याही मुलाला होतेच, आणि वहिनींनी तिला दोनदा डॉक्टरांकडे नेलेही होते. या आजाराचे कारण बहुतेक मुलांमध्ये सापडत नाही. तो खाण्यापिण्यातून, मारातून किंवा कोणाच्या दुर्लक्षातून होत नाही, आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. वहिनी स्वतःलाच हा प्रश्न रात्ररात्र विचारत असतात. तो तुझ्या तोंडून त्यांच्या कानावर पडू नये, एवढे माझे तुझ्याकडे मागणे आहे.

आता प्रत्यक्ष घरातले. उपचारांचा पहिला टप्पा चार-पाच आठवड्यांचा असतो आणि त्याच्या शेवटी अस्थिमज्जेची, म्हणजे हाडांच्या आत रक्त तयार करणाऱ्या मगजाची, तपासणी करून आजार किती हटला हे पाहतात. या टप्प्यात तिला स्टेरॉइड आहे. त्यामुळे गाल फुगले आहेत, भूक सारखी लागते, झोप उडाली आहे, आणि पूर्वी कधी कोणावर न ओरडलेली पोर आता कपडे घालताना किंचाळते. हा तिचा हट्ट नाही, औषधाचा परिणाम आहे. तिला दटावू नका आणि ‘किती गुबगुबीत झालीस’ असेही म्हणू नका. केस गळू लागतील तेव्हा ते परत येतात एवढेच शांतपणे सांगा.

केमोमुळे, म्हणजे कर्करोगावरच्या या औषधांमुळे, तिच्या रक्तातल्या संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या खूप खाली जाते, आणि तेव्हा साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. तिचा ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 अंश फॅरनहाइट झाला, तर मध्यरात्र असली तरी लगेच रुग्णालयाला फोन करून निघायचे, अशी आम्हाला सूचना आहे. पॅरासिटामॉल देऊन वाट पाहायची नाही, कारण त्याने ताप उतरतो आणि संसर्ग मात्र झाकला जातो. तुम्हा दोघांना फ्लूची लस घ्यायला डॉक्टरांनी सांगितले आहे, ती निघण्यापूर्वी घ्या. बाबा, मागे तुम्हाला नागीण झाली होती. ती पुन्हा उठली तर अंगावरचा एक फोड दिसला तरी सांगा, कारण नागिणीच्या फोडांतून लहान मुलाला कांजिण्या होऊ शकतात आणि छोटीच्या आजच्या अवस्थेत कांजिण्या फार धोक्याच्या आहेत. शिंक किंवा खोकला असेल त्या दिवशी तिच्यापासून दूर राहायचे. आजी-आजोबांना हे किती कठीण जाईल, ते लिहितानाही मला जाणवते आहे.

आई, शक्तीची म्हणून कोणतीही गोळी, चूर्ण किंवा झाडपाल्याचे औषध आणू नकोस. फार्बर यांचे औषध फॉलिक आम्लाची वाट अडवून काम करीत असे, आणि छोटीला आज दिले जाणारे मेथोट्रेक्सेट त्याच जातीचे आहे. शक्तीच्या गोळ्यांमध्ये बहुधा फॉलिक आम्ल असते. प्रेमाने दिलेली गोळी औषधाच्या विरुद्ध जाऊ शकते, तेव्हा काहीही द्यायचे झाले तर आधी तिच्या डॉक्टरांना विचारायचे.

बाबा, रक्त देण्याची तुमची तयारी पाहून दादाला भरून आले. पण पुढे कधी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची वेळ आलीच, तर जवळच्या नातेवाइकांचे रक्त आधी चढवलेले नसणे बरे. त्यापेक्षा तुमचे हे ओळखीपाळखीचे मोठे वर्तुळ कामाला लावा. दान केलेल्या रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, साधारण पाच दिवसच टिकतात, त्यामुळे चाळीस माणसे एकाच दिवशी येऊन उपयोग नाही. आज दोन, पुढच्या आठवड्यात दोन, असे बोलावता येईल अशी नावांची आणि रक्तगटांची यादी तुम्ही सांभाळावी, अशी माझी विनंती आहे.

सुरुवातीला मीही वहिनींना ‘काही लागले तर हक्काने सांगा’ असे म्हणत होते. औषधांच्या वेळा, तपासण्यांचे आकडे आणि रडणारे मूल सांभाळणाऱ्या बाईला मला द्यायचे काम शोधण्याचाही भार मी टाकत होते, हे आठवडाभराने उमगले. आता मी विचारत नाही. धुणे मी करते, आणि रोज संध्याकाळी सर्व नातेवाइकांना एकच निरोप पाठवते, म्हणजे दादाला तेच वीस वेळा सांगावे लागत नाही. पैशांविषयी तो स्वतःहून कधीच बोलणार नाही. तुम्हाला जे शक्य असेल ते चर्चा न करता त्याच्या खात्यात भरा.

छोटीच्या थोरल्या भावाविषयी मात्र मला सर्वांत जास्त काळजी वाटते. तो आठ वर्षांचा आहे आणि सगळे घर रुग्णालयाभोवती फिरत असताना तो एका कोपऱ्यात अगदी शहाण्यासारखा बसून असतो. परवा रात्री त्याने मला हळूच विचारले, की त्याने तिला ढकलले होते म्हणून तिला हे झाले का. मी त्याला जवळ घेऊन नाही म्हणून सांगितले, आणि आजाराचे खरे नावही सांगितले. बाबा, त्याला शाळेत सोडणे-आणणे आणि रोज एक तास फक्त त्याच्यासाठी, ही जबाबदारी तुम्ही घ्या. त्या तासात छोटीचा विषय त्याने काढला तरच काढायचा.

शेवटचे म्हणजे मुदतीचे. हे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. शेवटचा मेंटेनन्सचा, म्हणजे आजार परत उलटू नये म्हणून औषध चालू ठेवण्याचा, टप्पा सर्वांत लांब असतो. त्यात बहुतेक औषध घरीच, एक गोळी रोज आणि दुसरी आठवड्यातून एकदाच, अशी द्यावी लागते आणि एकही चुकवून चालत नाही. तेव्हा मुलगी हसतीखेळती दिसते, भेटायला येणारे थांबतात, आणि आई-वडील मात्र खरे थकलेले असतात. म्हणून आत्ता महिनाभर राहून दमून परत जाण्यापेक्षा, आता तीन आठवडे राहा, घरी जाऊन विश्रांती घ्या, आणि पुन्हा या. मधले दिवस मी सांभाळते. आई, तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या पुरेशा घेऊन ये.

छोटी काल झोपण्यापूर्वी ‘आजोबा कधी येणार?’ असे विचारत होती. मी तिला वार सांगितला आहे, तो बदलू नका.

तुमची,
लेक