अभिप्रायात छपाईही यावी

महोदय,

पुस्तकांवरच्या वाचकांच्या अभिप्रायांत ‘अप्रतिम’, ‘संग्राह्य’ हे शब्द उदंड. उपयोगी माहिती कमी. चित्रकलेच्या पुस्तकांबाबत ही उणीव फारच जाणवते. चित्राचं मूळ माप दिलं आहे का, हे आधी पाहावं. पिकासोचं ‘गेर्निका’ हे चित्र सुमारे साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर रुंद. ‘मोनालिसा’ जेमतेम ७७ बाय ५३ सेंटीमीटर. पुस्तकात दोन्ही एकेका पानात मावतात, आणि माप नसेल तर वाचकाची फसगत होते. चार शायांच्या (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) नेहमीच्या रंगीत छपाईत गर्द निळा आणि झगझगीत नारिंगी हटकून मंदावतात. तो दोष चित्रकाराच्या माथी मारू नये. कडा दुहेरी दिसत असतील तर रंगांच्या प्लेटा नीट जुळलेल्या नाहीत. दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग बांधणीत गडप होतो, म्हणून पुस्तक सपाट उघडतं का, हेही लिहावं.

विज्ञानाच्या पुस्तकात आवृत्तीचं साल पाहावं, पुनर्मुद्रणाचं नव्हे; पुनर्मुद्रणात मजकूर जुनाच असतो. २०१२ पूर्वीच्या मजकुरात हिग्ज बोसॉन हा मूलकण सापडलेला नसतो. २००६ पूर्वीच्या मजकुरात प्लूटो अजून ग्रहच असतो. शब्दसूची नसलेलं विज्ञानाचं पुस्तक मी तरी अर्धवटच मानतो.

कादंबरीबद्दल एवढंच: अनुवाद असेल तर तो संपूर्ण की संक्षिप्त ते सांगा, आणि शेवट मात्र सांगू नका.

– एक वाचक