अपिंगहॅमचा हेडमास्तर

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलांना नववीतच अडवून सतरा नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसायचा) फॉर्म भरायला तुमच्या शाळेत लावतात आणि त्याविरुद्ध तू एकटाच भांडतोस, हे तुझ्या पत्रात वाचलं. सध्या मी एडवर्ड थ्रिंग या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या हेडमास्तराबद्दल वाचतोय. तो तुझ्याच बाजूनं भांडला असता.

ईटन आणि केंब्रिजमध्ये शिकलेला हा पाद्री. पण शिकवायचं कसं, हे तो शिकला ग्लॉस्टरच्या गरीब पोरांच्या शाळेत. १८५३ मध्ये अपिंगहॅमला हेडमास्तर होऊन आला तेव्हा पटावर जेमतेम पंचवीस मुलं होती. पुढं ती तीनशेवर गेली, तर यानं आकडा तिथंच रोखला! मुलगा ओळखीचा नसेल तर त्याला शिकवणार काय, हा त्याचा सवाल. हुशारांवर मेहनत घेऊन शिष्यवृत्त्या मिरवायच्या आणि बाकीच्यांची फी तेवढी घ्यायची, ही त्याच्या लेखी सरळ फसवणूक होती. लॅटिन न जमणाऱ्यालाही काहीतरी जमलंच पाहिजे, म्हणून १८५९ मध्ये व्यायामशाळा, मग सुतारकाम, संगीत. प्रत्येक मुलाला अभ्यासाची स्वतःची छोटी खोली. शाळेच्या भिंतीसुद्धा शिकवतात असं तो म्हणे. आपल्या गळक्या वर्गांनी आपल्याला काय शिकवलं असेल, देव जाणे.

पण मला खरा भावला तो १८७५ नंतरचा थ्रिंग. गावात टायफॉइड आला, मुलं दगावली. गटारं आणि पाणी सुधारायला गावकारभारी ढिम्म. मुलं घरी पाठवली, परत बोलावली, तर मार्चमध्ये पुन्हा साथ. आता पालक मुलं काढून नेणार आणि शाळा बुडणार, हे उघड होतं. मग या पठ्ठ्यानं १८७६ च्या एप्रिलमध्ये अख्खी शाळा, बाकं-बिछान्यांसकट, वेल्सच्या किनाऱ्यावरच्या बोर्थ गावी हलवली. एक रिकामं हॉटेल आणि आसपासची घरं भाड्यानं घेतली. वर्षभर वर्ग तिथंच. जानेवारीत समुद्र गावात घुसला तेव्हा मुलं गावकऱ्यांच्या मदतीला धावली. इकडे शाळा गेल्यावर अपिंगहॅमच्या दुकानदारांना गटारांचं महत्त्व कळलं असावं! १८७७ मध्ये शाळा परतली, तेव्हा गावानं वाजतगाजत स्वागत केलं.

सरकार शाळांत हात घालणार असं दिसताच त्यानं १८६९ मध्ये हेडमास्तरांची परिषद भरवली. ती आजही चालू आहे. १८८७ मध्ये मुख्याध्यापिकांनाही आपल्या शाळेत बोलावलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेला.

संत मात्र समजू नकोस. छडी सढळ, राग नाकावर, डोक्यावर कर्ज कायम. विश्वस्तांशी तर त्याचं जन्मभर वाकडं. हे शेवटचं वाचून तुला बरं वाटेल. त्याची डायरी मिळाली की पुढचं लिहीन. वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंत